मालक १०४७

व्हर्त्सयार्व तळ्याकाठी डिसेंबरात
दुपारी तीनलाच दिवे लागतात.
लिविकाने बोटं कापलेले हातमोजे चढवले,
कॉफी कळफलकापासून लांब सरकवली,
काळ्या पडद्यावर दोन अक्षरं, एक डॅश, मग आणखी एक अक्षर.

पडदा विचारत नाही, कशाला हवंय.
तलाठ्याने मान वर न करता उतारा द्यावा
तशा ओळीखाली ओळी:
वाचायची मुभा कोणाला, लिहायची कोणाला,
मालक कोण, आकार किती,
शेवटचा फेरफार कधीचा,
आणि नाव सगळ्यात शेवटी.
आपण माणसं नाव आधी विचारतो.

मालकाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत हेल्दुर.
हेल्दुरला जाऊन सहा आठवडे झाले.

एकतीस हिवाळे तो तळ्यावर चालत गेला.
गिरमिटाने बर्फाला भोक पाडायचं, पट्टी आत सोडायची,
परत येऊन मिशीतलं हिम झटकत आकडे चढवायचे.
एका हिवाळ्याची एक फाइल.
आकार सगळ्यांचे उन्नीस-बीस,
फक्त शहाण्णवची निम्मी.
तळं उशिरा गोठलं, की माणूस अंथरुणाला खिळला,
यादीला ठाऊक नाही.
ती पोतं न उघडता वजन करते.

लिविका त्या एकट्या फाइलची खोलात चौकशी करते.
दुसरी कमांड, जरा जास्त बोलकी.
जन्म: आडवी रेघ.
(जुनी डिस्क. तिच्याकडे जन्माची नोंद नसतेच.)
शेवटचा बदल: एप्रिल, शहाण्णव.
शेवटचं वाचन: यंदाचा सतरा मार्च,
पहाटे चार वाजून बारा मिनिटं.

चार वाजून बारा.
काय वाचत होता म्हातारा तेव्हा?
उघडलं तर कळेल.
पण उघडलं की ती वेळ पुसली जाणार,
तिथे आजची तारीख बसणार, लिविकाची.
नुसतं बघण्याने काही बिघडत नाही;
वाचण्याने बिघडतं.
ती उघडत नाही.

मग लपलेलंही दाखव, असं सांगणारं अक्षर.
टिंबाने सुरू होणारी नावं वर येतात,
भोकापाशी श्वासाला आलेल्या माशांसारखी.
यातल्या पुष्कळांचा आकार शून्य.
हेल्दुरला चिठ्ठ्या लिहायचा कंटाळा.
रिकामी फाइल करायचा, नावातच सगळं उरकायचा.
‘होडीची-किल्ली-आल्लानकडे’
‘दाताचा-डॉक्टर-गुरुवार-नाहीच-जाणार’
‘लिविकाला-गिरमीट-चालवायला-शिकव’

शून्य बाइट. अकरा वर्षांपूर्वीचा जानेवारी.
तिला इथे रुजू होऊन तेव्हा चौथा दिवस होता.
मी कॉम्प्युटरची, बर्फाची नाही, असं तीच म्हणाली होती,
आणि तो हसून एकटा निघून गेला होता,
त्या दिवशी आणि पुढच्या सगळ्या दिवशी.

तार्तूच्या मुख्य कार्यालयाचं पत्र टेबलावर आहे:
दिवंगतांची खाती महिनाअखेर बंद करावीत.
महिना उलटून गेला.
ती कमांड टंकते. एक श्वास. एंटर.
काही होत नाही. काही झालं की हे यंत्र गप्पच राहतं,
बोलतं ते चुकलं तर.

पुन्हा यादी.
तेच आकार, त्याच तारखा, तीच नावं.
मालकाच्या रकान्यात मात्र
वरपासून खालपर्यंत १०४७.
नोंदवहीतून नाव खोडलं
की यंत्राकडे माणसाचा एवढाच ऐवज उरतो,
पण तो मात्र ते सोडत नाही.
एका ओळीत हे सगळं तिला स्वतःच्या नावावर करता येईल.
वारसाचा फेरफार, बिनहरकत.
बोटं तिथवर जातात. राहू दे.

सीम दारातून डोकावतो, गाडी काढू का, रस्ता घसरडा होईल.
‘हेल्दुरचं गिरमीट कुठे असतं रे?’
‘होडीघरात. गंजलं असेल.’ मग थांबून, ‘का?’

ती एक फाइल करते, या हिवाळ्याची.
यादीत सगळ्यात खाली, मालक लिविका,
आकार शून्य.
बाहेर तळं अजून धड गोठलेलं नाही.