रिकामी जागा

फैजपूर, मे महिना, लॅबचं छप्पर पत्र्याचं.
विकतच्या गणिताचा परवाना मार्चातच संपला,
प्राचार्य म्हणाले, फळा आहे ना.
म्हणून मी फुकटाचं उतरवून घेतलं.
फुकट म्हणजे पिकलेलं नव्हे:
हिरवा घड मिळतो,
पिकवायचा आपण, आपल्या खोलीत, आपल्या उष्म्यात.

पहिल्या दिवशी तिरकी रेघ.
ती लिहिणाऱ्यांची उजवीकडे कलते, विंडोजची डावीकडे,
बांधावरच्या दोन बाभळी
एकाच वाऱ्यात दोन दिशांना.
दुसऱ्या दिवशी विषाणूंच्या पहारेकऱ्यानं
आत्ताच जन्मलेली फाइल चोर म्हणून धरली.
मी जामीन राहिलो.

तिसऱ्या दिवशी मात्र कळेना.
पडद्यावर ओळी पळत होत्या:
सी कंपायलर आहे का? आहे.
फोर्ट्रान आहे का? आहे.
मग थांबल्या:
'निंबाजी' नावाचं इथे काही सापडत नाही.

बेंडाळे सरांनी आणलेली ही मशीन.
खातं त्यांच्याच नावाचं: निंबाजी,
मग एक रिकामी जागा, मग बेंडाळे.
यंत्र नाव वाचतं जागा लागेपर्यंत;
आडनाव त्याच्या लेखी दुसराच कुणी.
आपण त्या जागेत बापाचं नाव घालतो.
सरांनी काहीच घातलं नव्हतं.

'खातं पुसा,' युगंधरा नेहेते म्हणाली,
'नाहीतर नाव जोडून लिहा.'
तिला सर शिकवायला नव्हते.
मी माउस त्या नावावर नेला,
परत आणला.
सी ड्राइव्हच्या मुळाशी नवा फोल्डर काढला,
नाव एकाक्षरी,
ज्याच्या पोटात काही तुटायला जागाच नाही.

मग रात्रभर.
पंखा कुंथत होता, सुपडूभाऊ किल्ल्यांचा जुडगा
उशाशी घेऊन बाकावर आडवे,
बाहेरून सावद्याकडे जाणारे केळीचे ट्रक.
दीडला लाइट गेली. यूपीएस
सात मिनिटं ओरडला आणि गप्प.
चारला आली तेव्हा मी घाबरत पुन्हा हुकूम दिला,
आणि ते जिथे थांबलं होतं
तिथूनच उठलं. न रागावता.
इतकं समजूतदार माणूस
मी आमच्या स्टाफरूममध्ये पाहिलेलं नाही.

सकाळी चाचण्या: चार हजारांवर. तीन नापास.
'आमच्या वर्गापेक्षा बरंय,' युगंधरा.
सुपडूभाऊ डोळे चोळत आले:
'येवढी रात जाळली, सर. करतं काय हे?'
म्हटलं, विचारा काहीही.
त्यांनी मोबाइलचा नंबर सांगितला, दहाच्या दहा आकडे.
डोळा लवायच्या आत उत्तर: मूळ संख्या.
'म्हंजे?'
म्हणजे तुम्हाला एक सोडून
कुणी भागू शकत नाही.

ते हसले, किल्ल्या खुळखुळल्या.
'घरी सहा जन हायेत भागाले.
त्यायले दाखवा हे.'

आणि चहा आणायला गेले.
मी नापास तिघींपैकी पहिली उघडली.