व्हर्नियर

भोसरीत बावीस वर्षं मी मापं घेतली.
बुश, पिना, स्पिंडल.
दोन शतांश जास्त, की लाल खडूची फुली.
दयामाया नाही.

स्वतःचं पोट फुगत होतं
तर पट्ट्याचं एक भोक सैल केलं, बास.
रक्त पडायचं, ते मूळव्याधीचं म्हणालो.
जुलाब थांबावेत म्हणून
मेडिकलवाल्याकडून गोळ्या आणल्या.
थांबले की!
तिथंच चुकलं, हे मागाहून कळलं.

ससूनला रात्री दीड वाजता
डॉक्टर खिंवसरांनी फिल्म उजेडावर धरली:
माझ्या फासळ्यांखाली आडवा
एक काळा फुगा,
कडेच्या चुण्या पुसल्या गेलेल्या,
झिजल्या टायरच्या नक्षीसारख्या.
त्यांनी खिशातून पट्टी काढली. प्लास्टिकची, शाळकरी.
"साडेआठ सेंटिमीटर."
चालतं किती, मी विचारलं.
"सहा."

असल्या मालाकडे मी
मान वर करूनही बघितलं नसतं.

मग तीन दिवस
तोंडात पाण्याचा थेंब नाही.
नाकातल्या नळीतून हिरवं पाणी पिशवीत,
शिरेतून स्टेरॉइड, अँटिबायोटिक,
आणि पोटॅशियम, ते मनगटापासून कोपरापर्यंत जळत जातं.
दर दोन तासांनी जेसिंता सिस्टर पालथं करायच्या,
"गॅस हलू दे, मामा."
मग स्टेथोस्कोप टेकवून ऐकत राहायच्या,
सुट्टीच्या दिवशी वॉचमन
बंद शॉपच्या शटरला कान लावतो तसं.
रोज सकाळी नवी फिल्म.
आठ. सव्वाआठ.
तिसऱ्या दिवशी नऊ. ताप. नाडी एकशे तीस.
आणि पोट एकाएकी दुखायचं थांबलं.
मला बरं वाटलं.
डॉक्टरांना नाही.

सही हेमलतानं केली.
पेन उमटत नव्हतं, तर तिनं
आधी स्वतःच्या तळहातावर रेघ ओढून पाहिली.

आता बेंबीच्या उजवीकडे, जरा खाली,
एक लालबुंद, ओलं तोंड आहे.
पिशवीच्या चकतीला त्याच्या मापाचं भोक कापायचं.
मोठं झालं तर कातडी सोलते,
लहान झालं तर त्यालाच काचतं.
दवाखान्यानं पुठ्ठ्याचं मापक दिलंय.
मी कपाटातून व्हर्नियर काढला.
"अहो, लोखंड नका लावू तिथं!"
लावत नाही. वरूनच धरतो.
श्वास घेतला की माप हलतं,
म्हणून श्वास रोखून.

चौतीस.
पंधरा दिवसांनी एकतीस.
सूज उतरतेय.
कॅलेंडरवर, दुधाच्या खाड्यांशेजारी
लिहून ठेवतो.
पेन्सिलीनं.