कागदावरचा गहू

ऑक्टोबरात, चेक निघतात त्या आठवड्यात,
कचेरीचं दार उघडायच्या आधीच
बाहेर तीन पिकअप उभे असतात, इंजिनं चालू.
कुणी उतरत नाही.
मी किल्ली फिरवते, दिवे लावते,
नकाशांचं कपाट कोपरानं ढकलून बंद करते
(रोज रात्री ते आपलं आपण उघडतं).
मग ते येतात, टोप्या काढून,
वाऱ्याबद्दल बोलतात.
पहिली पाच मिनिटं
पैशांचं नाव कुणी काढत नाही.

पश्चिम कॅन्ससमधल्या या काउंटरमागे
माझी एकतीस वर्षं गेली.
हिशेब सोपा आहे, तरी दरवर्षी सांगावा लागतो:
एक भाव कायद्यात लिहिलेला,
दुसरा बाजारातला.
बाजारातला खाली गेला
की मधली फट सरकार बुजवतं.
म्हणून व्हर्लिन केन रविवारी
चर्चच्या आवारात, गाडीत बसून, रेडिओ लावतो,
भाव पडला की हळहळतो,
आणि हळहळता हळहळता गुणाकार करतो.
मी त्याला नावं ठेवत नाही.
गुणाकार मीही करते. मला त्याचा पगार मिळतो.

गारा झाल्या त्या साली भाव चढा होता.
शेतात काही नाही,
टपालातही काही नाही.
भावाला गारा लागत नाहीत.

आणि एक गोष्ट नव्या माणसाला पटत नाही:
हे पैसे उभ्या पिकाचे नव्हेत.
नोंदीचे आहेत.
कधीकाळी त्या तुकड्यात काय पेरत होते, त्याचे.
आज तिथे ज्वारी असो, सूर्यफूल असो,
बेनो फ्रीझनच्या कोपऱ्यात तर नुसते ससे,
नोंदीत गहू म्हणजे गहू.
फीनिक्सच्या एका दंतवैद्याला
मी सतरा वर्षं पत्रं पाठवते आहे,
आजोबांकडून आलेली जमीन, त्यानं पाहिलेली नाही.
एकदा फोनवर त्यानं विचारलं,
तिथे झाडं आहेत का?
एक आहे, मी म्हटलं.

आज ट्वायला उन्रू आली.
पाकीट सुरीनं नीट कापलेलं,
चेक दोन बोटांत, ओला असल्यासारखा.
तिचे ऐंशी एकर पुतण्या कसतो, वाट्यानं,
सगळं सूर्यफूल.
"अर्लिस, हे कशाचे?"
गव्हाचे.
"गहू तर एल्डन गेला त्या साली शेवटचा."
कागदावर आहे अजून.
दोनशे बारा डॉलर चौदा सेंट
तिनं पुन्हा एकदा वाचले.
"मग त्याचं पीठ कुठे जातं?"

या प्रश्नाला माझ्याकडे फॉर्म नाही.

मी तिची फाइल काढली,
विमानातून टिपलेलं तिचं शेत पसरलं,
बांध दाखवला, ओढा दाखवला,
ओढा आता नाही तेही सांगितलं.
तिनं शेताकडे पाहिलंच नाही.
खालच्या अर्जावर निळ्या शाईत एल्डनची सही होती,
शेवटचं अक्षर चौकटीबाहेर गेलेलं.
तिथे तिनं बोट ठेवलं.
"हा बैठकीतसुद्धा असाच पाय पसरून बसायचा."

गहू नोंदीतून काढता येतो, मी म्हटलं,
एका अर्जानं.
मात्र एकदा काढला की पुन्हा लिहिता येत नाही.

ती बराच वेळ उभी राहिली.
भिंतीवरचं घड्याळ चार मिनिटं पुढे आहे,
ते मी कधीची दुरुस्त करणार आहे.

"राहू दे मग," ती म्हणाली,
"उभा आहे तर उभा राहू दे."
चेक पर्समध्ये टाकला, पाकीट मात्र मला दिलं,
कचऱ्यात टाकायला.
ते अजून माझ्या खणात आहे.

मागे व्हर्लिननं खाकरलं.
"काय म्हणतोय भाव?"
पडतोय, मी म्हटलं.
त्यानं टोपी घातली,
मग पुन्हा काढली.