फीत

उणे एकतीस. पोलादी फीत आखडते,
म्हणून अंतर कागदावर किंचित जास्त भरतं –
तेवढंच काय ते आमच्या बाजूनं.

उलानबातरच्या उत्तर उतारावर
दुलमसुरेनच्या गेर-तंबूपासून पाण्याच्या टपरीपर्यंत
चारशे अठरा मीटर. मी लिहिलं.
"आणि परतीचं?" तिनं विचारलं.
परतीला रकाना नाही.
परतीला चढ असतो, घसरगाडीवर दोन कॅन,
हातमोज्यांवर गोठलेले शिंतोडे.

वॉर्डातून आकडा जिल्ह्यात गेला,
तिथं पलीकडच्या इमारतींच्या नळांत मिसळला;
महापालिकेत त्याचा टक्का झाला,
मंत्रालयात टक्क्याला हिरवा रंग.
पुढं कुठल्याशा परिषदेत
आमचा देश एक पायरी वर चढला म्हणे.

वसंतात अहवाल खाली आला. जाड, गुळगुळीत.
मी तो दुलमसुरेनला दाखवायला नेला.
तिनं पानं उलटली, स्वतःला शोधलं,
मग एक हिरवं पान टर्रकन फाडून
घडी घालून
कॅनच्या गळक्या झाकणाखाली बसवलं.

गळती निम्म्यावर आली.
एवढं मी माझ्या वहीत लिहून ठेवलंय,
तारखेसकट.