नमुना क्रमांक एक

नाल्याचा रंग बघून आम्ही पोरं सांगायचो
या आठवड्यात मागावर कुठली चादर चाललीय.
सोमवारी लाल, गुरुवारी मोरपंखी,
पगाराच्या दिवशी सगळं मिळून काळं.
तिथंच आता आमची साइट.

पत्र्याची शेड, शफीक नदाफच्या वेल्डिंगच्या ठिणग्या,
टाकीच्या पोटात उतरलेले बिदरकडचे सात गवंडी,
आणि मी, गमबूट घालून, चव्वेचाळीसच्या उन्हात.
अख्ख्या सोलापूरनं अंघोळ करून, भांडी घासून,
चूळ भरून टाकून दिलेलं पाणी
इथं पाइपाच्या तोंडाशी येतं
आणि जरा थबकतं,
नातेवाइकाकडं मागच्या दारानं शिरल्यासारखं.

मुलगी बघायला गेलो तेव्हा तिच्या मामांनी विचारलं,
"नोकरी कुठं ओ?"
म्हणलं, पाण्याच्या प्लांटवर.
"बाटलीच्या?"
मी गप्प. पोहे चांगले होते.

घरी नळ पाचव्या दिवशी, तोही रात्री दोनला.
अम्मा पिंप भरते, कळशी भरते,
पातेली, तांबे, शेवटी वाट्यासुद्धा.
"एवढं पाणी धुता म्हणं तुम्ही,
आपल्याला का येत नाही त्यातलं?"
ते कारखान्यांना, अम्मा.
त्यांनी हे घेतलं की त्यांच्या वाट्याचं धरणाचं पाणी
"इकडं येतंय?"
येईल, म्हणतो.
नकाशात बाण तर काढलाय.

चाचणीच्या दिवशी साहेबांनी
काचेचं भांडं उन्हात धरलं.
पलीकडं त्यांची पाची बोटं स्पष्ट, अंगठीसकट.
टाळ्या झाल्या, फोटो झाले,
पेढेही वाटले.
प्यालं कुणी नाही.
नोंदवहीत 'रंग' या रकान्यात
मी लिहिलं: नाही.

सगळे गेल्यावर गेटातून इराबत्ती मास्तर आले.
बेचाळीस वर्षं रंगखात्यात; नखं अजून निळी.
माझ्या बापाला कांडीवरनं रंगखात्यात त्यांनीच घेतलेलं.
थोडं पाणी त्यांनी तळहातावर ओतून घेतलं,
दोन बोटांत चोळलं, वास घेतला,
आणि मी 'नको नको' म्हणेपर्यंत
बोटाचं टोक जिभेला लावलं.

थुंकले.
"मीठ लागतंय बे अजून. डाग पडतील."
मग खिशातनं पांढऱ्या सुताची लडी काढून
भांड्यात सोडली,
बुडेपर्यंत बघत उभे राहिले.
"कमी कर जरा.
लाल रंगाची एक पुडी राहिलीय माझ्याकडं.
उद्या आणतो."