दुसऱ्या पानावरची सही

माझी सही वर्षभर टिकते,
मग शिळी होते, पावासारखी.
बफेलोच्या या कचेरीत एकोणीस वर्षं
परक्या मुलांच्या कागदांवर
दुसऱ्या पानावर, खालच्या अंगाला,
चार ओळी सोडलेल्या असतात तिथं
मी निळ्या शाईनं लिहिते: डोलोरेस व्हिएचोरेक.
म्हणजे, ही मुलगी आमची आहे,
बाहेर गेली तर परत येऊ द्या.

येऊ देतीलच असं नाही.
शिक्का दारावरच्या माणसाच्या हातात,
मी नुसती चिठ्ठी देणारी.

सेलामाविट पहिल्यांदा आली तेव्हा
नव्या ओव्हरकोटाची किंमतपट्टी तिच्या बाहीला लोंबत होती.
"कधी निघतेस?"
"बघते," म्हणाली.
दुसऱ्या वर्षी पुन्हा, "बघते."
तिसऱ्या वर्षी वडील वारले होते.
पेन परत देता देता तिनं ते सांगितलं,
बाहेर बर्फ सुरू झालाय असं कुणी सांगावं, तसं.

तिच्या पासपोर्टातला व्हिसा केव्हाच संपलेला.
आत राहायला त्यावाचून अडत नाही.
बाहेर पाऊल टाकलं की नवा काढायचा,
अदिस अबाबाला, महिनोन्महिने थांबून,
आणि काचेपलीकडचा माणूस विचारणार,
परत जाशील कशावरून?
'परत' कुठल्या दिशेला, तेही
त्याच्याच टेबलावर ठरतं.

तीन सह्या झाल्या, एकही वापरली नाही.
घेतेस तरी कशाला, मी न राहवून विचारलं.
"तुमचं अक्षर आवडतं मला."

चौथ्या वर्षी नियमांतली ती फट मीच दाखवली:
कॅनडात जा, तीस दिवसांच्या आत ये,
संपलेल्या व्हिसावरही चालतं.
फक्त तिथं नवा मागायला जाऊ नकोस.
आई चर्चच्या मंडळींबरोबर टोरंटोला येणार होती,
फोनवर म्हणाली, रविवारी, तीन वाजता, बसस्थानकावर.
त्याच रात्री मंडळींचं विमान.

सेलामाविट बरोबर तीनला उतरली.
आई सकाळी नऊपासून बाकावर होती.

त्यांच्याकडे उजाडलं की घड्याळ सुरू होतं,
उजाडल्यावरचा तिसरा तास म्हणजे आपले नऊ.
"मला माहीत नाही का हे?"
पुढच्या मंगळवारी माझ्यासमोर बसून ती म्हणाली,
"मी त्या घड्याळात जन्मले, मॅडम."
सहा तास.
तिकीट खिडकीवरच्या तमिळ बाईनं
आईला दोनदा कॉफी आणून दिली,
आईनं ती घेतली, डबा मात्र उघडला नाही.
मुलगी दिसल्यावर पहिलं काय बोलली असेल?
"केस का कापलेस?"

रात्री पुलावर बस रिकामी केली.
अधिकाऱ्यानं विचारलं, किती वेळ होतीस कॅनडात?
साधा प्रश्न. ती गप्प.
मागची माणसं चुळबुळायला लागली.
"पाच तास," म्हणाली शेवटी,
आणि तिला वाटलं, आपण खोटं बोलतोय.
त्यानं पिशवीतलं लाल तिखट उघडून हुंगलं,
त्याला शिंक आली, मग दुसरी, मग तिसरी,
डोळे पुसत त्यानं हातानंच सांगितलं, जा.
माझी सही त्यानं पाहिलीसुद्धा नाही!

आता चारही ओळी भरल्या आहेत.
नवा कागद मागवावा लागेल, मी म्हटलं.
ती मान हलवत राहिली,
मग टेबलावर एक पुडी ठेवली, तिखटाची.
"तुमची सही एक वर्ष चालते ना?
आमचं वर्ष तेरा महिन्यांचं असतं.
बघा, एखादा जास्तीचा बसतो का."

नाही बसत, मी सांगितलं.
घरी जाताना मी विचारलं, तो तेरावा किती दिवसांचा?
पाच, ती म्हणाली. कधी कधी सहा.