तिसरा सिलिंडर

परकारचाचांना डाव्या कानाने ऐकू येत नाही,
उजव्याने जेमतेम.
तरी सलमाबादेत खोडीचं इंजिन
त्यांच्याच दारात येऊन थांबतं.

माझी निसान, सहाशे चाळीस दिनारांची.
मांजरेकर कायमचा गावी निघाला
तेव्हा विकून गेला.
आठ दिवस गुपचूप चालली.
नवव्या दिवशी, रिफाच्या चढावर,
ठक्. ठक्-ठक्.
थंड असताना नाही, तापल्यावर.

चाचांनी लांब पेचकस घेतला,
टोक इंजिनाला, मूठ कानामागच्या हाडाला,
आणि डोळे मिटले.
"रेस दे. आणखी. सोड."
मग एकेका प्लगची वायर काढत गेले.
पहिली, तेच. दुसरी, तेच.
तिसरी काढली
आणि ठोका अर्ध्यावर आला.
"रॉडचं बेअरिंग," ते म्हणाले,
घरातल्या कुणाचं दुखणं सांगावं तसं.

खालचा नट सोडला.
परातीत तेल उतरलं, काकवीसारखं, सावकाश,
आणि त्यात बारीक चमचम.
"इतकं जाड तेल!" मी म्हणालो,
"आवाज दाबायला घातलं कुणीतरी."

चाचा फडक्याने बोटं पुसत राहिले.
एकेक बोट, नखांपर्यंत.
"कुणीतरी म्हणजे मीच.
त्याला तिकिटाला साठ दिनार कमी पडत होते.
गिऱ्हाईक कोण, ते मला ठाऊक नव्हतं."

बाहेर ऑगस्ट, पत्रा तडतडत होता.
"मजुरी नको. बेअरिंगचे तेवढे दे."

मी काहीतरी बोललो.
आता आठवतं, तेव्हा मी
त्यांच्या डाव्या बाजूला उभा होतो.